कित्ता : चित्रकार सार्जंट आणि राजघराण्याचे एक चित्र



चरित्र म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंतची सलग हकिकत, अशी आपली साधारण समजूत असते. या अभ्यासक्रमात तुम्ही वाचलेली बरीचशी चरित्रे तशीच आहेत. या पाठातील चरित्रनायकाकडे आपण थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहोत. जॉन सिंगर सार्जंट हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे जगप्रसिद्ध व्यक्तिचित्रकार होते. त्यांच्या एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यातील एक-सव्वा महिना आपण हाती धरणार आहोत. त्या काळात त्यांनी स्वतःचे म्हणावे असे फारसे काही केले नाही. एका परक्या शहरातील संग्रहालयात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याने रंगवलेल्या राजघराण्याच्या चित्रासमोर उभे राहून ते त्याची प्रतिकृती करीत होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते कित्ता गिरवीत होते.

कित्ता हा शब्द तुमच्यापैकी अनेकांना लहानपणीच्या पाटीची आठवण करून देईल. शिक्षकांनी वर काढून दिलेले वळणदार अक्षर आणि त्यावरून पुन्हा पुन्हा फिरणारी आपली पेन्सिल. गिरवून गिरवून अक्षर सुधारते, हे आपण मानतो. पण तेच गिरवणे मोठेपणी, कलेच्या क्षेत्रात आले की आपण त्याला नक्कल म्हणतो आणि नाक मुरडतो. सार्जंट यांचे उदाहरण या दोन समजुतींच्या मधोमध उभे आहे.

जॉनचा जन्म 12 जानेवारी 1856 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाला. आईवडील अमेरिकन. वडील फिट्झविल्यम सार्जंट हे फिलाडेल्फियातील डॉक्टर. पण आई मेरी हिला युरोपची ओढ लागली आणि वडिलांनी चालता व्यवसाय सोडून दिला. पुढे या कुटुंबाला स्थिर घर असे उरलेच नाही. हिवाळा एका गावी, उन्हाळा दुसऱ्या, भाड्याची घरे, बांधाबांध, पुन्हा प्रवास. मुलाला सलग शाळा मिळाली नाही. मात्र चार भाषा कानावर पडून आल्या, पियानो आला आणि चित्रांची वही कायम हाताशी राहिली. आई स्वतः हौशी चित्रकार होती. दिवसातून कितीही चित्रे सुरू करावीत, पण एक तरी पुरे करावे, असा तिचा दंडक होता, असे सांगतात. स्वतःचा देश त्याने प्रथम पाहिला तो 1876 मध्ये, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी. मूळ गाव नसलेल्या या मुलाला पुढे गुरूंची एक परंपरा शोधावीशी वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही.

1874 च्या मे महिन्यात अठरा वर्षांचा जॉन पॅरिसला कारोलुस-द्युराँ यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. या गुरूंविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माद्रिदचा रस्ता त्यांच्याच दारातून जातो.

कारोलुस-द्युराँ हे त्या काळचे फॅशनमध्ये असलेले व्यक्तिचित्रकार होते. तरुणपणी ते स्वतः स्पेनमध्ये राहून सतराव्या शतकातील राजदरबारी चित्रकार दिएगो वेलास्केझ यांच्या चित्रांचा अभ्यास करून आले होते. शिकवताना वेलास्केझ यांचे नाव त्यांच्या तोंडी सारखे असे. पॅरिसमधील प्रस्थापित कलाशिक्षणात विद्यार्थ्याने आधी कित्येक वर्षे केवळ रेखाटन करायचे, ते घोटून घोटून पक्के करायचे आणि मग रंगाला हात लावायचा, अशी रीत होती. कारोलुस-द्युराँ यांनी ती उलटवली. कोळशाने जुजबी खुणा करायच्या आणि थेट कुंचला हाती घ्यायचा. चेहऱ्याकडे पाहताना नाक, डोळे, ओठ शोधायचे नाहीत. प्रकाशाचे आणि सावलीचे सपाट भाग शोधायचे. त्यातही प्रथम मध्यछटा, म्हणजे अतिउजळही नाही आणि अतिगडदही नाही असा, चेहऱ्याचा सर्वांत मोठा भाग व्यापणारा रंग. तो अचूक सापडला की त्याच्या शेजारी थोडा गडद, त्याच्या शेजारी आणखी गडद, मग उजळ भाग, आणि सर्वांत शेवटी नाकाच्या शेंड्यावरचा किंवा डोळ्यातला तो एकच चमकता ठिपका. हे रंगाचे तुकडे फरशीच्या नक्षीप्रमाणे शेजारी शेजारी बसवायचे, आणि एकदा बसवले की ते घासून गुळगुळीत करायचे नाहीत.

वाचताना ही पद्धत सोपी वाटते. ती अवघड का आहे, हे समजण्यासाठी येथे वाचन थांबवा आणि खिडकीजवळ बसलेल्या घरातील कोणाही व्यक्तीकडे मिनिटभर पाहा. तिच्या गालाचा रंग कोणता? आपण चटकन गव्हाळ किंवा सावळा असे सांगून मोकळे होतो. पण खिडकीकडचा गाल, कानाजवळची बाजू, हनुवटीखालची सावली आणि त्या सावलीत पदराचा पडलेला रंग, हे सारे वेगवेगळे आहेत. आपण जे जाणतो ते बाजूला ठेवायचे आणि जे दिसते तेवढेच रंगवायचे. ही शिस्त अंगी बाणण्यास वर्षे लागतात.

सार्जंट यांना ती विलक्षण वेगाने साधली. एकीकडे ते सरकारी कलाशाळेतील रेखाटनाच्या परीक्षाही देत होते. म्हणजे नव्या पद्धतीच्या भरवशावर जुनी शिस्त त्यांनी सोडली नाही. लक्झेंबर्ग राजवाड्यासाठी गुरूंनी रंगवलेल्या छतावरील चित्रात त्यांना मदतनीस म्हणून घेतले गेले. 1879 मध्ये त्यांनी गुरूंचेच व्यक्तिचित्र रंगवून पॅरिसच्या सालाँ या वार्षिक प्रदर्शनात ठेवले. त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला, नाव झाले, कामेही येऊ लागली. वय तेवीस.

आता तुम्ही विचार करा. गुरूंचे चित्र काढून गुरूंच्याच बरोबरीला आलेला शिष्य यानंतर काय करील? बहुधा स्वतःचा स्टुडिओ थाटील आणि आलेली कामे घेऊ लागेल. सार्जंट त्याच वर्षीच्या शरद ऋतूत माद्रिदला गेले आणि प्रादो संग्रहालयात प्रतिकृती करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. नोकरी-संसार सांभाळून पुन्हा विद्यार्थी झालेल्या तुम्हाला हा निर्णय इतरांपेक्षा अधिक समजेल. बाहेरच्या जगाने उत्तीर्ण ठरवल्यावरही आपल्याला काही येत नाही हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. गुरूंनी वेलास्केझ सांगितला होता. पण तो गुरूंच्या हातून गाळून आलेला होता. सार्जंट यांना मूळ झऱ्यापाशी जायचे होते.

तेथे त्यांनी वेलास्केझ यांच्या अनेक चित्रांच्या प्रतिकृती केल्या. सूत कातणाऱ्या स्त्रियांचे चित्र, इसापाचे मस्तक अशी कामे त्यांत आहेत. पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे चित्र ‘लास मेनिनास’ हे आहे. या नावाचा अर्थ राजकन्येच्या मानकरी सख्या.

हे चित्र 1656 मधील. उंची 318 सेंटिमीटर, रुंदी 276 सेंटिमीटर. म्हणजे साध्या घराच्या भिंतीवर ते मावणारही नाही. माद्रिदच्या जुन्या राजवाड्यातील एक उंच, अंधारी खोली. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, रुपेरी पांढऱ्या पोशाखात. तिच्या दोन बाजूंना दोन सख्या. एक वाकून तिला पाण्याचे लाल भांडे देते आहे. उजवीकडे दरबारातील एक बुटकी स्त्री आणि एक बुटका मुलगा. मुलाने पेंगणाऱ्या मोठ्या कुत्र्यावर पाय ठेवलेला आहे. डावीकडे एका प्रचंड कॅनव्हासची पाठ आणि त्याच्यामागे कुंचला घेऊन उभे असलेले खुद्द वेलास्केझ. मागच्या भिंतीवर एका आरशात राजा चौथा फिलिप आणि राणी मारियाना यांची पुसट प्रतिबिंबे, आणि शेजारी उघड्या दारात, पायऱ्यांवर थबकलेला एक दरबारी. 1734 मध्ये राजवाडा आगीत जळाला तेव्हा हे चित्र वाचवले गेले, पण त्याला इजा झाली. राजकन्येचा एक गाल नंतर दुरुस्त करावा लागला आहे. 1819 पासून ते प्रादोमध्ये आहे.

या चित्रासमोर प्रतिकृतीकाराची पहिली अडचण आकाराची. सार्जंट यांचा कॅनव्हास मूळ चित्राच्या मानाने बराच लहान होता. त्यामुळे कुंचल्याचा फटका फटक्याला जुळवणे शक्यच नव्हते. मूळ चित्रात हातभर लांबीचा जो सावलीचा पट्टा आहे, तो येथे बोटभर होणार. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे क्षणोक्षणी ठरवावे लागणार. प्रतिकृतीचे हे मर्म सहसा ध्यानात येत नाही. नकलेत निवड नसते असे आपण समजतो; पण लहान आकारात मोठे चित्र उतरवताना प्रत्येक फटका हा निवाडाच असतो. सार्जंट यांच्या प्रतिकृतीत चेहऱ्यांचे बारकावे नाहीत. झपाट्याने टाकलेले थोडेच ठिपके आहेत. त्यांनी उतरवून घेतला तो प्रकाशाचा हिशेब.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. ‘लास मेनिनास’चा वरचा निम्मा भाग जवळजवळ रिकामा आहे : छत, भिंती, अंधारात बुडालेल्या तसबिरी. एखाद्या नवशिक्याला तो वाया गेलेला वाटेल. पण तो अंधार आहे म्हणूनच खालच्या मुलीचा पोशाख उजळतो. उजवीकडच्या खिडकीतून येणारा प्रकाश प्रथम राजकन्येवर पडतो, मग मंद होत खोलीभर विरतो, आणि अगदी मागे, उघड्या दारात, पुन्हा एकदा लख्ख होतो. या दोन उजेडांच्या मधली जागा काळोखाने भरलेली असूनही तेथे हवा आहे, माणूस चालत जाऊ शकेल एवढे अंतर आहे, असे आपल्याला वाटते. रंग तर किती थोडे! काळा, करडा, तपकिरी, पांढरा, आणि लाल अगदी मोजका : भांडे, ओठ, फिती, चित्रकाराच्या छातीवरचा क्रूस. हा क्रूस मागाहून रंगवलेला आहे, कारण सांतियागो पंथाचा तो मान वेलास्केझ यांना 1659 मध्ये मिळाला.

जवळ गेल्यावर मात्र हे सारे मोडते. राजकन्येच्या बाहीवरचे रेशीम जवळून पाहिले तर पातळ करड्या रंगावर ओढलेले चार-दोन तुटक फटके दिसतात. चार पावले मागे सरकले की त्यांचे पुन्हा रेशीम होते. सार्जंट पुढे आयुष्यभर स्टुडिओत पुढे-मागे चालत राहिले, त्याचा पाया येथे आहे. ते कॅनव्हास बसलेल्या व्यक्तीच्या शेजारीच ठेवीत, दूर जाऊन दोन्ही एकाच नजरेत घेत, मनात फटका ठरवीत, चालत पुढे येऊन तो टाकीत आणि पुन्हा मागे जात. न जमलेला भाग दुरुस्त करीत बसण्यापेक्षा खरवडून नव्याने रंगवणे त्यांना पसंत असे.

प्रतिकृतीची ही वाट केवळ युरोपची नव्हे. त्याच दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तैलरंगात उतरवण्याच्या कामाला लागले होते. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच एक. तेथे हेतू नाश पावणारी चित्रे नोंदवून ठेवण्याचा होता, येथे हात घडवण्याचा. तरीही अजिंठ्याच्या त्या कामात पेस्तनजींचा हात घडला नसेल असे कोण म्हणेल?

माद्रिदनंतर सार्जंट दक्षिण स्पेनमार्गे मोरोक्कोला गेले. 1880 मध्येच ते हॉलंडमधील हार्लेम येथे पोचले आणि तेथे फ्रान्स हाल्स यांच्या समूहचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हाल्स हेही सतराव्या शतकातले. त्यांचा फटका वेलास्केझपेक्षा मोकळा, उघड. गंमत अशी की पुढे एका विद्यार्थिनीला सल्ला देताना सार्जंट यांनी क्रम उलटा सांगितला : आधी हार्लेमला जाऊन हाल्स गिरवावा, तो पचला की मग माद्रिदला वेलास्केझकडे जावे. स्वतः ते अवघडाकडून सोप्याकडे गेले होते. शिक्षक झालेल्या विद्यार्थ्याला आपली वाट किती आडवळणाची होती हे मागाहून कळते. तसेच हे असावे.

कित्ता गिरवून झाल्यावर अक्षर कोणाचे उरते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 1882 मधील एका चित्रात शोधता येते. पॅरिसमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार एडवर्ड डार्ली बॉइट यांच्या चार मुलींचे हे चित्र. कॅनव्हास जवळजवळ चौरस, दोन्ही बाजू सव्वादोन मीटरच्या आसपास. व्यक्तिचित्रासाठी हा आकारच विचित्र. एक मोठा दिवाणखाना, मागे काळोख. चार वर्षांची ज्युलिया बाहुली घेऊन गालिच्यावर बसलेली. मेरी लुइझा डावीकडे एकटी, हात पाठीमागे घेऊन उभी. थोरल्या दोघी, जेन आणि फ्लॉरेन्स, मागच्या अंधाऱ्या उंबऱ्यापाशी. त्यातली फ्लॉरेन्स तर माणसापेक्षा उंच अशा जपानी चिनीमातीच्या फुलदाणीला टेकून बाजूला पाहते आहे, तिचा चेहरा धड दिसतही नाही. पैसे देऊन मुलींचे चित्र काढून घेणाऱ्या बापाला थोरल्या मुलीचा चेहरा न दाखवणे, हे धाडस म्हणावे लागेल.

‘लास मेनिनास’ येथे पदोपदी आठवते : पांढऱ्या पोशाखातील लहान मुली, पाठीमागचा खोल अंधार, त्यात मिणमिणणारा दूरचा उजेड, मोजके रंग, आणि मध्येच एका पडद्याचा लाल पट्टा. पण वेलास्केझ यांच्या चित्रात सारे जण एका राजकन्येभोवती गोळा झालेले आहेत. सार्जंट यांच्या चित्रात केंद्रच नाही. चार बहिणी एका घरात आहेत आणि चौघीही एकेकट्या आहेत. वय वाढेल तशी मुलगी अंधाराकडे सरकते, असेही हे चित्र वाचता येते. 1883 च्या सालाँमध्ये अनेकांना ही रचना विस्कळीत वाटली, मधली रिकामी जागा खटकली. माझ्या मते त्या रिकाम्या जागेतच सार्जंट यांचे स्वतःचे अक्षर आहे. वेलास्केझ यांच्याकडून त्यांनी रिकामी जागा रंगवायला शिकून घेतली आणि तिला एकटेपणाचा अर्थ दिला. सतत गाव बदलणाऱ्या कुटुंबातील मुलाला तो अर्थ पुस्तकातून शोधावा लागला नसणार.

पुढील हकिकत प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. 1884 मध्ये त्यांनी व्हर्जिनी गोत्रो या पॅरिसमधील रूपवतीचे चित्र सालाँमध्ये ठेवले. काळा पोशाख आणि खांद्यावरून घसरलेला एक पट्टा. एवढ्यावरून गदारोळ झाला. सार्जंट यांनी नंतर तो पट्टा खांद्यावर नीट बसवून रंगवला, पण पॅरिसमधील कामे आटली ती आटलीच. 1886 मध्ये ते लंडनला स्थायिक झाले. तेथे आणि अमेरिकेत सरदार, सावकार, राजकारणी, विदुषी, साऱ्यांनी त्यांच्यासमोर बसण्यासाठी रांग लावली. इतकी, की 1907 च्या सुमारास त्यांनी तैलरंगातील व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळजवळ बंद केले. त्याच वर्षी देऊ केलेली ब्रिटिश सरदारकीही, आपण अमेरिकन नागरिक आहोत म्हणून, त्यांनी नाकारली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आंधळ्या झालेल्या सैनिकांची रांग त्यांनी सहा मीटरहून अधिक लांबीच्या कॅनव्हासवर रंगवली. 1925 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावरील आक्षेपही येथे सांगायला हवा, नाहीतर हे चरित्र म्हणजे आरती होईल. मृत्यूनंतर लगेचच रॉजर फ्राय यांच्यासारख्या समीक्षकांनी सार्जंट यांना कलावंत म्हणून मोडीत काढले. हात विलक्षण तयार, पण सांगण्यासारखे काही नाही, असा आक्षेपाचा रोख होता. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. त्यांच्या काही श्रीमंती व्यक्तिचित्रांत रेशीम माणसापेक्षा जास्त बोलते. गिरवलेला हात इतका सफाईदार होतो की तो मनाला न विचारताच चालू लागतो. हा धोका खराच आहे, आणि लेखनाच्या अभ्यासातही तो तुम्हाला भेटेल. मात्र बॉइट भगिनींच्या चित्रासमोर हा आक्षेप टिकत नाही, असे मला वाटते. तुमचे मत वेगळे असू शकेल. ते मांडताना चित्रातील कोणती गोष्ट तुम्ही पुरावा म्हणून दाखवाल, हे मात्र आधी ठरवा.

वेलास्केझच्या त्या प्रतिकृती सार्जंट यांनी अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवल्या होत्या. 1925 च्या जुलैमध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात त्यांच्या स्टुडिओतील चित्रांची विक्री झाली, तेव्हा त्या बाहेर पडल्या. जगभर मागणी असलेल्या चित्रकाराने विद्यार्थिदशेतला कित्ता पंचेचाळीस वर्षे जवळ बाळगला होता.

बॉइट भगिनींचे चित्र त्या बहिणींनी 1919 मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला दिले. चित्रातल्या त्या दोन उंच फुलदाण्याही आज तेथे चित्राच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत. 2010 मध्ये हे चित्र काही आठवड्यांसाठी माद्रिदला नेण्यात आले आणि प्रादोमध्ये ‘लास मेनिनास’च्या सान्निध्यात टांगले गेले. ज्या संग्रहालयात तेवीस वर्षांचे सार्जंट ईझल मांडून उभे राहिले होते, तेथे आता प्रेक्षक एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळून पाहत होते : एकीकडे पाच वर्षांची मार्गारिता, दुसरीकडे बाहुली घेऊन बसलेली चार वर्षांची ज्युलिया.